बाईसाहेबांचे थंड दिवे

ईस्टवर्ट, १४ ऑक्टोबर २०१२

हिस्के,

तुझे बर्फावरचे स्केट्स माळ्यावर सापडले. पात्यांना गंज चढला होता, तो घासून काढला आणि तेल लावून ठेवलेत. हवे असतील तर कळव. नको असतील तरी कळव, म्हणजे शेजारच्या गर्ब्रिखच्या नातीला देऊन टाकतो. तिचे पाय तुझ्यासारखेच होडीएवढे आहेत.

एवढंच लिहायचं होतं. पण चार ओळींसाठी पाकीट डकवायचं म्हणजे एका बदकासाठी कालव्यावरचा अख्खा पूल उघडण्यासारखं आहे, आणि चाळीस वर्षं पूल उघडणाऱ्या माणसाला ते पटत नाही. म्हणून आणखी थोडं लिहितो.

फोन करत नाही. केला की तुझा लुडो उचलतो आणि म्हणतो, "ती बागेत आहे." मार्चपासून तू बागेतच आहेस. एवढा तर मीही बागेत नसतो, आणि मला दुसरा उद्योग नाही. लुडोला म्हणावं, माणूस भला आहेस, पण खोटं बोलणं तुझं काम नव्हे.

इकडचं म्हणशील तर बाईसाहेब अजून उभ्या आहेत. म्हणजे पामचं नुसतं खोड उभं आहे. पानं गेली, शेंडा गेला, साडेतीन मीटरचा केसाळ खांब राहिलाय. परवा गर्ब्रिख कुंपणावरून मान काढून म्हणाली, "वीब्रेन, तो खांब काढणार आहेस की त्याच्यावर झेंडा लावणार आहेस?"

म्हटलं, "राणीच्या वाढदिवसाला लावीन."

"मग आत्तापासून शिडी शोध. तुझं वय झालंय."

गर्ब्रिखचं वय माझ्यापेक्षा दोन वर्षांनी जास्त आहे, हे तिला कोणी सांगत नाही. खोड तोडायला हवं हे मलाही कळतं. दोनदा करवत बाहेर काढली आणि दोनदा परत ठेवली.

तुझ्या मेमनं बियांपासून केलेलं ते रोप तुला आठवत असेल, बाईसाहेबांचंच पोर. सहा वर्षांचं झालं, गुडघ्याएवढं. ते मी मे महिन्यात खोडाशेजारी जमिनीत लावलं. आमच्या पाम-निवडुंगवाल्यांच्या मंडळातल्या ईपनं कपाळावर हात मारला. "एवढंसं पोर आत्ताच उघड्यावर? अजून चार वर्षं कुंडीत ठेवायचं, हिवाळ्यात घरात घ्यायचं. तू पूलसुद्धा असाच उघडायचास, बोट दिसायच्या आधी." पण लावलं ते लावलं. आता पहिला हिवाळा कसा जातो ते बघायचं.

आणखी एक गोष्ट. मेमला पोचवून आल्यावर, त्या शुक्रवारी, तू मला "तू" म्हणालीस. तेहतीस वर्षं तू "हाइतला कॉफी हवी का", "हाइतनं टोपी कुठे ठेवली" असंच विचारत आलीस, समोर बसलेल्या माझ्याबद्दल तिसऱ्याच कोणाला तरी विचारावं तसं. आपल्याकडे सगळी मुलं असंच बोलतात. लुडो पहिल्यांदा जेवायला आला तेव्हा दाराकडे बघत बसला होता, "हा हाइत कोण आहे? तो आल्यावर जेवायचं का?" फ्रीसलंडमध्ये बापाला हाइत आणि आईला मेम म्हणतात, हे त्याला दक्षिणेत कोणी सांगितलं नव्हतं. मेम हसून हसून उठून गेली होती.

आणि त्या दिवशी, खोलीभर माणसं कॉफीचे कप घेऊन उभी असताना, तू सरळ माझ्याकडे बघून म्हणालीस, "तू इतका वाईट असशील असं मला कधी वाटलं नव्हतं." वाईट म्हणालीस ते मी समजू शकतो. "तू" माझ्या अजून कानात आहे.

स्केट्सचं कळव.

वीब्रेन हेटिंगा

(सही अशी केली, कारण तू मला आता काय म्हणतेस ते मला माहीत नाही.)


ईस्टवर्ट, ११ नोव्हेंबर २०१२

हिस्के,

स्केट्सचं काही कळवलं नाहीस, म्हणजे नकोत असंही नाही. ठेवलेत.

आज सेंट मार्टिनचा सण. गल्लीतली पोरं कंदील घेऊन दारात गाऊन गेली. गर्ब्रिखची नात सर्वांत मोठ्यानं गायली आणि सर्वांत बेसूर. मेम असताना चॉकलेटं तीच वाटायची. मी वाटली तर पोरं एकमेकांकडे बघायला लागली. मागून कळलं की मी त्यांना खोकल्याच्या गोळ्या दिल्या.

काल रोपाला बांधून घेतलं. पानं वर गोळा करून सैल बांधली, लहान मुलीची वेणी घालतात तशी. भोवती पेंढा, त्यावर ते पांढरं बागेचं कापड, आणि डोक्यावर पाऊस आत जाऊ नये म्हणून टोपी. निवडुंगांवर काच टाकली. त्यांना थंडीचं काही नाही, भिजलेले पाय सोसत नाहीत. जाड पानांचा मोठा निवडुंग दरवर्षीसारखा जमिनीवर आडवा झालाय, शिळ्या पॅनकेकसारखा. पोस्टमन म्हणाला, "गेला का हो?" म्हटलं, "झोपलाय."

पेंढ्यात उबेसाठी घालायची माळ मात्र नाही. जुन्या दिव्यांची माळ आता दुकानात मिळत नाही, जिकडेतिकडे एलईडी. दिसायला झकास, पण ऊब शून्य. पामच्या पोटात ते लावणं म्हणजे थंडीत माणसाला चुलीचं चित्र दाखवणं. हे तुला आता मी सांगायला नको. आपली जुनी माळ फुटली. ईपकडे दोन आहेत, पण तो एकवेळ बायको उसनी देईल, माळ देणार नाही. मे महिन्यात मात्र हाच ईप नर पामचा पिवळाधमक फुलोरा पिशवीत घालून सहा किलोमीटर सायकल मारत यायचा आणि आपल्या बाईसाहेबांवर झटकायचा. मेम म्हणायची, "आला बघ, नवरदेवाची वरात आली." त्यातूनच तर हे रोप झालं.

बाईसाहेब हे नाव मेमचंच. मादी झाड म्हणून ती आपल्या घरात कायम "ती". "तिला पाणी दिलंस का", "ती यंदा फुलणार". लग्नानंतर आम्ही इटलीतल्या त्या तळ्याकाठी गेलो होतो तेव्हा मेमनं हॉटेलच्या बागेतून मूठभर पामच्या बिया उचलल्या आणि हातमोज्यात लपवून आणल्या. सरहद्दीवर पोलिसानं हात बघितला असता तर मी आज तुरुंगात असतो.

तर, त्या शुक्रवारचं.

मी बोललो ते बोलायला नको होतं. घरात माणसं होती, मेमला जाऊन पाच दिवस झाले होते. मी काळ्या सुटातच बागेत गेलो, कापड सोडलं, मधली सुरळी धरून ओढली. नवं पान अजून उमललेलं नसतं ती सुरळी घट्ट बसलेली असली तर झाड जिवंत. ती लोण्यातून सुरी निघावी तशी निघून आली, खालून कुजलेली, आणि तो वास. तीच हातात धरून मी आत आलो आणि म्हणालो, "तिला तू मारलंस."

मी पामबद्दल बोलत होतो. ते तुला ठाऊक होतं. जुनी माळ काढून नवी तू आणलीस, तू लावलीस, त्या दिव्यांनी झाड गारठून मेलं, एवढीच गोष्ट होती. चूक तुझ्याकडून झाली, पण ती सांगायची ती वेळ नव्हती. हे मी मान्य करतो आणि त्याबद्दल माफी मागतो.

आता तूही जरा मान्य कर.

वीब्रेन हेटिंगा


ईस्टवर्ट, ८ डिसेंबर २०१२

हिस्के,

पार्सल मिळालं.

सिंटरक्लासच्या सणाला भेटीच्या पुड्यात ज्याला पाठवायचं त्याची टिंगल करणारी कविता असतेच. तू सात वर्षांची असताना माझ्या ढेरीवर बारा ओळी लिहिल्या होत्यास. मी सगळे कागद उलटसुलट केले, खोका झटकला. कविता नव्हती.

खोक्यावर फ्रेंचमध्ये काहीतरी छापलंय. तुमच्याकडून सीमेपलीकडे जुना बाजार भरतो, तिथलं असेल. हिरवी वायर, जुने काचेचे दिवे, काहींचा रंग उडालेला. किती रविवार शोधत होतीस मला माहीत नाही. दोन दिवे बाकीच्यांहून वेगळे आहेत, म्हणजे गेलेले काढून तू दुसरे शोधून बसवलेस. आणि वायरच्या टोकाला चिकटपट्टी, तिच्यावर तुझ्या अक्षरात:

"४० पैकी ४० चालू."

मी माळ लावून बघितली. पाच मिनिटांनी हातात धरली. गरम.

गर्ब्रिख अंडी द्यायला आली होती. मला दारात माळ हातात घेऊन उभा बघून म्हणाली, "काय रे, नाताळ आला का?" आणि मग जवळ येऊन बघितलं, म्हणाली, "बस खाली, वीब्रेन." मी बसलो. तिनं कॉफी केली.

ही माळ मी अजून रोपाला लावलेली नाही. थंडी पडलीय तरी. लावायच्या आधी तुला एक सांगायचं आहे, ते आज जमत नाही. लिहीन.


ईस्टवर्ट, २ जानेवारी २०१३

हिस्के,

हे पत्र लिहायला पंचवीस दिवस लागले. चार कागद चुलीत गेले. या पाचव्यात जे आहे ते खरं आहे, मग ते कसंही लिहिलेलं असो.

बाईसाहेबांना तू मारलं नाहीस.

गेल्या वर्षीचा जानेवारी आठव. मेमचा पलंग आपण बागेकडच्या मोठ्या खिडकीशी लावला होता. तू दर शनिवार-रविवार अख्खा देश ओलांडून यायचीस. नाताळात जुन्या माळेचे निम्मे दिवे गेलेले बघून तू नवी माळ आणलीस आणि शिडीवर चढून पानांभोवती गुंडाळलीस. "हाइत, ही माळ वीजच खात नाही म्हणे." मी बघत होतो. मला तेव्हा सुचलं नाही. दिवा म्हटलं की ऊब, हे माझ्या डोक्यात चाळीस वर्षं बसलेलं. मंडळात पाम कसे जगवावेत यावर भाषणं देणाऱ्या माणसाला सुचलं नाही. तुला कुठून सुचावं?

मग तू २९ तारखेला परत गेलीस आणि ती थंडी आली. सगळं फ्रीसलंड वेडं झालं होतं. अकरा गावांची स्केटिंगची शर्यत होणार, पंधरा वर्षांनी होणार! ज्याच्या त्याच्या हातात बर्फाची जाडी मोजायची पट्टी. ईपसुद्धा कालव्यावर आडवा पडून बर्फाला कान लावत होता. बर्फाला शिव्या देणारा मी एकटा.

शुक्रवारी हिमवर्षाव झाला. शनिवारी सकाळी मी पडदा सारला. दर हिवाळ्यात बाईसाहेबांच्या टोपीवर बर्फ पडला की आतल्या दिव्यांच्या उबेनं मधोमध गोल टक्कल पडायचं, तुला आठवतं. लहानपणी तू त्याला "पाद्रीबाबा" म्हणायचीस. त्या सकाळी टक्कल नव्हतं. बर्फ सगळीकडे सारखा, जाड, जसा कुंपणाच्या खांबावर तसा तिच्यावर. बाहेर उणे अठरा होतं. मी एका क्षणात समजलो.

शेडमध्ये जुनी माळ होती. फुटली नव्हती. वीस-बावीस दिवे चांगले होते आणि तेवढे पुरले असते. मी ती खांद्यावर टाकली आणि बागेत गेलो. पहिली गाठ सोडतोय तोच खिडकीच्या काचेवर टकटक झाली.

मेम. कोपरावर उठून बसली होती. आदल्या चार दिवसांत ती एकदाही उठली नव्हती. मी आत गेलो.

"काय करतोयस?"

"माळ बदलतो. या नव्या दिव्यांत ऊब नाही. ती गारठून मरेल."

"जुनी लावलीस की मला काय दिसेल?"

जुनी माळ पेंढ्याच्या आत असायची, बाहेरून नुसता तांबूस डाग. तुझी माळ मात्र पानांवरून होती. अख्खं झाड त्या पांढऱ्या कापडातून उजळायचं, दुपारी चारला अंधार पडला की मेमच्या पलंगावर त्याचा उजेड यायचा. ती हात पुढे करून तो हातावर घ्यायची. तू बघितलंयस.

"राहू दे ती, वीब्रेन."

"शाउक्ये, ती जगायची नाही."

"मीही नाही." असं म्हणाली. मग म्हणाली, "चाळीस वर्षं मी तिच्यासाठी जागले. आता तिनं थोडं माझ्यासाठी उभं राहावं. आणि हिस्केला सांगू नकोस. पोरीनं हौसेनं आणलीत."

मी जुनी माळ शेडमध्ये ठेवून आलो.

त्या शनिवारी बर्फामुळे तुला येता आलं नाही, तुझा फोन आला. तू सगळ्यात आधी विचारलंस, "हाइत, टोपीवरचा बर्फ वितळला का?" तुला शंका आली होती, हिस्के. तू विचारलंस. आणि मी म्हणालो, "वितळला. छान टक्कल पडलंय."

दोन्ही माळा लावता आल्या असत्या. जुनी आत, नवी वर. हे मला मंगळवारी सुचलं. तोवर कापडाच्या आत ठेवलेल्या थर्मामीटरवर उणे तेराची खूण पडली होती. शनिवारी सुचलं असतं तर मेमला उजेडही मिळाला असता आणि बाईसाहेबही राहिल्या असत्या. हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. ईपलाही नाही.

बुधवारी शर्यत रद्द झाल्याचं जाहीर झालं, बर्फ पुरेसा जाड नव्हता म्हणून. सगळं गाव रडवेलं झालं. मी रेडिओ बंद केला. मेम पुढे पाच आठवडे जगली आणि रोज संध्याकाळी तिनं तो उजेड बघितला. त्याबद्दल मला जराही पश्चात्ताप नाही. उद्या पुन्हा विचारलंस तर पुन्हा तेच करीन.

पण मार्चमध्ये ती कुजलेली सुरळी हातात आली तेव्हा मला कुणावर तरी खापर फोडायचं होतं. मेमवर फोडता येत नव्हतं, ती नुकतीच जमिनीत गेली होती. स्वतःवर फोडायची छाती नव्हती. समोर तू होतीस, केकची ताटली घेऊन. "तिला तू मारलंस." त्या खोलीत चाळीस माणसं होती आणि त्यातल्या तिसांना एकच "ती" माहीत होती, मेम. तुझ्या आत्यानं कप खाली ठेवला ते मी बघितलं. तुझा चेहरा बघितला. एका वाक्यात दुरुस्त करता आलं असतं. मी केलं नाही. तू गेल्यावर शेडमध्ये गेलो आणि जुनी माळ कचऱ्यात टाकली, चांगल्या बावीस दिव्यांसकट.

मेमनं "सांगू नकोस" म्हटलं ते तुला लागू नये म्हणून. मी तेच मौन तुला लागावं म्हणून वापरलं. आणि नोव्हेंबरात मोठ्या मनाचा आव आणून तुला लिहिलं की तूही जरा मान्य कर.

त्यावर तू रविवारमागून रविवार बाजार पालथे घालून चाळीस दिवे गोळा केलेस. न केलेल्या चुकीची भरपाई म्हणून. ते खोकं उघडलं तेव्हा मला माझी लाज वाटली, एवढी आयुष्यात वाटली नव्हती.

माळ मी आज सकाळी रोपाला लावली. परत हवी असेल तर पाठवतो.

सही करत नाही. काय करायची ते तू सांग.


ईस्टवर्ट, २४ मार्च २०१३

हिस्के,

तुझं पत्र नाही. मागत नाही. नुसतं इकडचं कळवतो.

जानेवारीच्या शेवटी लुडोचा फोन आला. म्हणाला, "तिनं वाचलंय. ती बागेत आहे." मी म्हटलं, "लुडो, निदान आता तरी." तो म्हणाला, "नाही, या वेळी खरंच आहे. दोन तास झाले, कुदळ घेऊन नुसती उभी आहे. मी काय करू?" मी म्हटलं, "कोट नेऊन दे." एवढंच माझ्याकडून झालं. त्यानं दिला का ते मला कळलं नाही.

मार्चनं सगळ्यांना फसवलंय. क्रोकस उमलून गेले आणि मग पूर्वेचा वारा सुटला तो दोन आठवडे थांबायचं नाव घेत नाही. काल सकाळी उणे नऊ, आणि वारा असा की डोळ्यांतलं पाणी कानात जातं. ईप सायकलवरून आला, तीन वेळा उतरून ढकलत आला. दाढीला बर्फ. रोपाकडे बघून म्हणाला, "वीब्रेन, तुला वाईट वाटू नये म्हणून सांगतो, एवढंसं पोर यातून जात नसतं." मग स्वतःची दुसरी माळ काढून दिली. ईपनं माळ दिली, हिस्के! गावात सांगितलं तर कोणी विश्वास ठेवणार नाही. मी म्हटलं, नको, माझ्याकडे आहे.

"कुठून आणलीस?"

"लेकीनं पाठवली."

"मग बोलते तुझ्याशी?"

"माळ पाठवते."

त्याला मी सगळं सांगितलं. मंगळवारचंही. दाढीतला बर्फ झटकत तो म्हणाला, "दोन माळा लावायचं मलाही सुचलं नसतं." खोटं बोलला. ईपला शनिवारीच सुचलं असतं. पण बरं वाटलं. गर्ब्रिखलाही सांगितलं, म्हणजे आता ते आत्यापर्यंत आणि त्या चाळीस माणसांपर्यंत पोचलंच असेल. आत्याला मी वेगळं पत्रही लिहिलंय.

हे सगळं तुला बरं वाटावं म्हणून लिहीत नाहीये. एक गोष्ट मात्र कळवायलाच हवी. काल रात्री हिमवर्षाव झाला. आज सकाळी मी लगेच पडदा सारला नाही, आधी चहा केला, मग दुसरा चहा केला. मग सारला.

टोपीवर टक्कल पडलंय. गोल, ताटलीएवढं. तुझे पाद्रीबाबा.

ते जगलं की नाही हे यावरून कळत नाही. पानं तपकिरी आहेत, निदान कापडातून तशी दिसतात. वारा थांबला की उघडायचं, आणि मग सुरळी ओढून बघायची. मला त्याची भीती वाटते, हे तुला सांगतो. मागच्या वेळी ती हातात आली तेव्हा तिच्यासोबत काय काय निघून आलं.


ईस्टवर्ट, १० एप्रिल २०१३

हिस्के,

तुझं कार्ड सोमवारी आलं. पोस्टमननं वाचलं होतं, हे त्याच्या तोंडावरून कळलं. कार्ड असतंच उघडं, त्याला काय बोलणार. मी ते फळीवर मेमच्या फोटोला टेकवून ठेवलंय आणि येताजाता वाचतो, जसं काही मजकूर बदलणार आहे:

"राग गेलेला नाही. १९ तारखेला येते, एकटी. मी येईपर्यंत हाइतनं सुरळी ओढून बघायची नाही."

राग गेलेला नसू दे. राग घेऊन ये, जागा आहे. स्केट्स तुझ्या खोलीत ठेवलेत. मेमचा पलंग गेला, पण खुर्ची अजून खिडकीशी आहे.

वारा शनिवारी थांबला. कापड काढलं. दोन पानं गेली, कडेनं करपलेली. तिसरं निम्मं हिरवं आहे. मधली सुरळी उभी आहे, हिरवट, बोटाएवढी. दिसायला ठीक दिसते, पण दिसण्यावर काही नसतं, बाईसाहेबांचीही ठीकच दिसत होती. निवडुंग अजून जमिनीवर आडवाच आहे, पण एका पानानं कोपर टेकलंय.

रोज सकाळी मी रोपाभोवती फेऱ्या मारतो. हात कोटाच्या खिशात, मुठी मिटून. एकदा वाकलो होतो, खरं सांगतो. बोटं जवळ नेली. मग परत खिशात घातली.

आज गर्ब्रिख कुंपणाशी उभी राहून हे सगळं बघत होती. "काय रे, तीन दिवस झाले घिरट्या घालतोयस. जगलंय का मेलंय, एकदा ओढून बघ आणि मोकळा हो!"

मी म्हटलं, "नाही. हाइतला मनाई आहे."

हाइत